केळीच्या मुलखात ब्लूबेरीची पाने

गेल्या हिवाळ्यात खानदेशातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी आपल्या तंत्रज्ञान मंडळाचे प्रदर्शन भरविले होते. निमंत्रण आले म्हणून गेलो. प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर. त्यामुळे प्रवेशद्वारावरील ‘उदयोन्मुख तंत्रज्ञान’ हा फलक वाचून थोडे दडपणच आले. आत मात्र जत्रेचा उत्साह होता. कोणी ड्रोन उडवीत होते, कोणी आभासी वास्तवाचा चष्मा पाहुण्यांच्या डोळ्यांवर चढवीत होते, कोपऱ्यात एक यंत्रमानव नमस्कार करीत होता. सर्व मुलामुलींच्या अंगात एकसारखे टी-शर्ट आणि त्यांवर एका परदेशी कंपनीचे बोधचिन्ह.

एका टेबलाशी तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा पिकांवरील रोग ओळखणारे अ‍ॅप दाखवीत होता. पानाचा फोटो काढायचा, क्षणात रोगाचे नाव पडद्यावर! ‘‘सर, नव्याण्णव टक्के अचूक आहे.’’ कोणकोणत्या पिकांचे रोग ओळखते, असे विचारले. त्याने यादी वाचली. सफरचंद, चेरी, ब्लूबेरी, पीच, रासबेरी, स्ट्रॉबेरी, द्राक्ष, टोमॅटो, बटाटा...

‘‘आणि केळी?’’

मुलगा थांबला. ‘‘केळी नाही, सर.’’

‘‘कपाशी?’’

‘‘ती पण डेटासेटमध्ये नाही.’’

मुलगा यावल तालुक्यातला. घरी केळीच आहे, हे त्यानेच नंतर सांगितले.

या संवादात त्या मुलाला चूक ठरविण्याचा हेतू नाही. त्याने जे केले तेच देशभरातील असंख्य विद्यार्थी करीत आहेत. घरी आल्यावर या ‘डेटासेट’चा मागोवा घेतला, तेव्हा उलगडा झाला. ‘प्लांट व्हिलेज’ नावाचा हा छायाचित्रसंग्रह अमेरिका आणि स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी जगासाठी खुला केला. त्यावरील त्यांचा गाजलेला शोधनिबंध २०१६ सालचा. ५४,३०६ छायाचित्रे, १४ पिके, ३८ वर्ग. या १४ पिकांत केळी नाही, कापूस नाही, ज्वारी नाही, तूर नाही. ज्या भूमीत जी पिके होतात, त्यांची पाने त्या भूमीतील लोकांनी गोळा केली. यात त्यांचे काय चुकले? उलट त्यांचा प्रामाणिकपणा आपण शिकण्यासारखा आहे. संग्रहातीलच बाजूला ठेवलेल्या छायाचित्रांवर यंत्राची अचूकता ९९.३५ टक्के भरली, हे त्यांनी सांगितले. आणि निराळ्या परिस्थितीत काढलेली छायाचित्रे दाखवताच ती ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली, हेही त्याच निबंधात लिहून ठेवले. कारण उघड आहे. संग्रहातील पाने झाडावरून तोडून साध्या पार्श्वभूमीवर ठेवून टिपलेली आहेत. शेतातील पानावर ऊन असते, धूळ असते, मागे दहा पाने असतात. आणि केळीच्या पानाची लांबी पाहता ते टेबलावर ठेवण्याची कल्पनाच हास्यास्पद आहे!

आमच्या महाविद्यालयांच्या भिंतींवर ९९ टक्के लटकले. ३१ टक्के कोणी वाचलेच नाहीत.

ज्या जिल्ह्याच्या केळीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या जळगावात ही स्थिती आहे. आणि हा केवळ अभिमानाचा प्रश्न नाही. कुकुंबर मोझॅक विषाणूने, ज्याला शेतकरी ‘सीएमव्ही’ म्हणूनच ओळखतात, गेल्या काही वर्षांत रावेर-यावल पट्ट्यातील केळीबागांचे काय केले, हे तेथील घराघराला ठाऊक आहे. या रोगाला औषध नाही. मावा ही कीड तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. पानावर पिवळसर पट्टे दिसले की ते झाड उपटून नष्ट करणे, एवढाच मार्ग उरतो. म्हणजे सारा खेळ लवकर ओळखण्याचा आहे. आठ दिवस आधी दहा झाडे उपटली तर बाग वाचते. आठ दिवस उशीर झाला तर लागवडीचे भांडवल मातीत जाते. पानाचा फोटो पाहून रोग सांगणाऱ्या यंत्राची खरी गरज जर कोठे असेल, तर ती तापीकाठी आहे. आणि तापीकाठचा मुलगा ब्लूबेरीची पाने ओळखतो आहे!

हे अशक्य कोटीतील काम आहे काय? मुळीच नाही. केळीचे रोग ओळखणारे ‘तुमैनी’ नावाचे अ‍ॅप २०१९मध्ये आंतरराष्ट्रीय संशोधकांनी तयार केले. त्यासाठीची छायाचित्रे आफ्रिकेतून आणि दक्षिण भारतातून गोळा झाली व त्या कामात तमिळनाडूतील संस्थेचा सहभाग होता. तमिळनाडूच्या बागांतून फोटो गेले, जळगावच्या बागांतून का जाऊ नयेत? जळगाव शहरातच केळी संशोधन केंद्र आहे. रावेर तालुक्यात पाल येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. रोगाचे निदान करून देणारे तज्ज्ञ तेथे बसलेले आहेत. विद्यार्थ्यांच्या खिशात कॅमेरे आहेत. बागा तर त्यांच्या वडिलांच्याच आहेत. तरीही हे चार बिंदू जोडले जात नाहीत, याचे कारण तंत्रज्ञानात शोधून सापडणार नाही.

ते कारण मंडळांच्या रचनेत आहे. महाविद्यालयातील तंत्रज्ञान मंडळ ही मुळात मुलांनी मुलांसाठी चालविलेली खटपटीची जागा असावी. तिचे रूपांतर आता शाखाविस्ताराच्या केंद्रात झाले आहे. शाखा अर्थातच कंपन्यांच्या. गुगलचे ‘डेव्हलपर स्टुडंट क्लब’ देशभरातील महाविद्यालयांत पसरले होते. २०२४मध्ये कंपनीने त्यांचे नाव बदलले आणि ठिकठिकाणी फलक बदलले गेले. जे मंडळ आपले नावदेखील स्वतः ठरवू शकत नाही, ते आपले प्रश्न स्वतः ठरवील, ही अपेक्षा कोणी करावी? कंपनी अभ्यासक्रम देते, प्रमाणपत्र देते, टी-शर्ट देते. व्यवस्थापनाला मूल्यांकन समितीपुढे ठेवण्यासाठी उपक्रमांची छायाचित्रे मिळतात. मुलाला नोकरीच्या अर्जात एक ओळ मिळते. सर्वांचे भले होते. फक्त कोणताही प्रश्न सुटत नाही. एके वर्षी ब्लॉकचेन, पुढे मेटाव्हर्स, मग कृत्रिम बुद्धिमत्ता. वाऱ्याची दिशा बदलते तसा फलकावरचा शब्द बदलतो आणि आदल्या वर्षीचे यंत्र कपाटात धूळ खात पडते.

यावर ठरलेला प्रतिवाद येतो : ‘तंत्रज्ञानाला देश नसतो, तुम्ही प्रत्येक गोष्टीत स्वदेशी कशाला आणता?’ असे म्हणणाऱ्या विद्वानांची स्मरणशक्ती फार आखूड असते. अमेरिकेने क्रे महासंगणक देण्याबाबत अडवणूक केली, म्हणून १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये ‘परम’ साकार झाला. हे जुने झाले म्हणावे, तर २०२५चा जुलै फार लांब नाही. युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने गुजरातेतील वाडिनार येथे तेलशुद्धीकरण करणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीच्या सेवा एकाएकी थांबविल्या. पैसे भरलेले, कंपनी भारतात नोंदलेली, तरी कर्मचाऱ्यांचे ई-मेल बंद! प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर सेवा पूर्ववत झाल्या. तंत्रज्ञानाला देश नसेल कदाचित. त्याच्या कळीला मात्र असतो, आणि ती कळ कोणाच्या हाती आहे, हे विचारण्यात संकुचितपणा कसला?

स्वदेशीचा अर्थ परकीय ज्ञानाला दार बंद करणे असा नाही, याचे उदाहरण धुळे जिल्ह्याच्याच मातीत आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८३मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून अभियंता झाले आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाले. वय तेविशीच्या आसपास. नाशिकप्रमाणेच खानदेशातही त्यांची नेमणूक झाली, आणि साक्री तालुक्यातील दातर्ती येथे पाण्याचा पाट पांझरेपलीकडे नेण्यासाठी नळांचा सायफन बांधण्याचे काम त्यांच्याकडे आले. पुराचे पाणी काम होऊ देईना, तरी त्यांनी ते पुरे केले. सायफनची विद्या पुस्तकांतून आलेली, इंग्रजी. पण प्रश्न पांझरेचा होता. आणि त्या पांझरेच्या काठी फड पद्धत शतकानुशतके चालत आलेली होती : बंधाऱ्याचे पाणी, गावाच्या शेतीचे फड, एका फडात एका हंगामी एकच पीक, आणि पाटाची व्यवस्था पाहण्यास गावानेच नेमलेले पाटकरी, हवालदार. सरकारचा तेथे हात नव्हता. आजच्या भाषेत ज्याला सामायिक साधनसंपत्तीचे लोकव्यवस्थापन म्हणतात, ते साक्री-धुळ्याच्या शेतकऱ्यांनी कोणत्याही विद्यापीठाच्या प्रमाणपत्राविना चालविले.

विश्वेश्वरय्या ज्या संस्थेतून बाहेर पडले, तिचाच वारसा आजच्या सीओईपीकडे आहे. तेथील विद्यार्थ्यांनी २००८च्या सुमारास एक उपग्रह बांधायला घेतला. ‘स्वयम्’ त्याचे नाव. वजन जेमतेम एक किलो. २२ जून २०१६ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ने तो कक्षेत सोडला. मध्ये आठ वर्षे गेली. ज्यांनी आरंभ केला ते पदवी घेऊन केव्हाच निघून गेले होते. त्यांनी वह्या मागच्यांच्या हाती दिल्या, मागच्यांनी त्यांच्या मागच्यांच्या. दीडशेहून अधिक विद्यार्थ्यांचे हात त्या पेटीला लागले. उपग्रहाने आपली दिशा राखावी यासाठी चुंबकाच्या साहाय्याने चालणारी, वीज न खाणारी व्यवस्था त्यांनी बसविली. विद्यार्थी मंडळ म्हणतात ते याला. आपल्या हयातीत, म्हणजे महाविद्यालयीन हयातीत, फळ दिसणार नाही हे ठाऊक असूनही काम करणे, हा संस्कार कोणत्या कंपनीच्या टी-शर्टाबरोबर मिळतो?

पुण्याला जमले ते खानदेशाला जमणार नाही, असे मानण्याचे कारण नाही. येथे धुळे, जळगाव, शिरपूर येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, विद्यापीठ आहे आणि २०१८पासून त्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव आहे. पण नावापलीकडे काय? बहिणाबाईंची लेवा बोली किंवा धुळ्याकडची अहिराणी आज एकही यंत्र धड ऐकू शकत नाही. ‘मी धुयाले जाई ऱ्हायनू’ असे फोनला सांगून पाहा. तो काय लिहितो ते वाचून करमणूक होईल. २०११च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा सांगणारे साडेअठरा लाखांहून अधिक लोक आहेत. केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ प्रकल्प २०२२मध्ये सुरू झाला, ही स्वागतार्ह गोष्ट; पण त्याचा मुख्य भर आठव्या परिशिष्टातील भाषांवर आहे आणि अहिराणी त्या परिशिष्टात नाही. दिल्ली किती दारे ठोठावणार? आपल्या आजीचे बोलणे ध्वनिमुद्रित करायला दिल्लीची परवानगी लागत नाही. धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आहे, समर्थ वाग्देवता मंदिराची हस्तलिखिते आहेत. मोडी वाचणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. मोडी अक्षर ओळखणारे यंत्र घडविण्यास धुळ्याच्या मुलांहून अधिक अधिकारी कोण?

येथे स्वकीयांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. प्राचीन विमानविद्येवरील व्याख्यानाला आपल्याकडे सभागृह भरते. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांना पाहायला परीक्षक आणि पालक सोडून कोणी फिरकत नाही. विद्यार्थी परिषदेने १९८६पासून ‘डिपेक्स’ चालविले आहे. महाराष्ट्र-गोव्यातील पदवी व पदविकेचे विद्यार्थी तेथे चालती यंत्रे घेऊन येतात. आपल्यापैकी किती जणांनी तेथे एक दिवस काढला आहे? किती कार्यकर्त्यांनी त्यातील एखादे यंत्र आपल्या गावातील कारखानदाराला दाखविले आहे? पुष्पक विमानाचा अभिमान स्वस्त पडतो. त्या अभिमानातून केळीच्या पानाचे एकही छायाचित्र निघत नाही.

असो. त्या मुलाकडे पुन्हा गेलो. प्रदर्शन आवरत आले होते, यंत्रमानवाची बॅटरी संपलेली होती. त्याला विचारले, वडिलांना दाखविलेस का हे अ‍ॅप? तो हसला. म्हणाला, ‘‘नानांनी विचारलं, आपल्या बागेतलं पान दाखवू का? मी म्हटलं, नको.’’ मग जरा थांबून त्यानेच विचारले, ‘‘सर, केळीचे किती फोटो लागतील?’’ मला कला शाखेच्या माणसाला काय ठाऊक! शेजारी उभ्या असलेल्या प्राध्यापकांनी सांगितले, ‘‘निदान काही हजार. आणि प्रत्येकावर तज्ज्ञाने रोगाचे नाव लिहून दिलेले हवे.’’ मुलाने प्रमाणपत्राची मागची कोरी बाजू पुढे केली आणि केळी संशोधन केंद्राचा रस्ता लिहून घेतला.