अक्षरांची घाई आणि अंगणवाडीची उपेक्षा

दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांनी सरस्वती काढायची, तिला झेंडूचे फूल वाहायचे आणि घरातल्या लहान मुलाचा हात धरून 'श्री' गिरवून घ्यायचा, ही रीत महाराष्ट्रातील अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. मूल तेव्हा साधारणपणे पाच वर्षांचे झालेले असे. त्या 'श्री'ची रेघ वाकडी गेली म्हणून कोणी रागावत नसे आणि शेजारच्या मुलाचा 'श्री' अधिक सुबक आला म्हणून कोणाची झोपही उडत नसे. अक्षराशी पहिली ओळख हा सण होता, परीक्षा नव्हती.

आज चित्र बदलले आहे. नगर शहराच्या उपनगरांत, आणि आता तालुक्याच्या लहान गावांतही, साडेतीन वर्षांच्या मुलाच्या दप्तरात दुरेघी आणि चाररेघी वह्या दिसतात. प्रस्तुत लेखकाच्या शेजारी एक पावणेचार वर्षांची मुलगी राहते. संध्याकाळी अंगणात खेळण्याच्या वेळी ती 'अ'ने पान भरीत बसलेली असते. पान भरले की इंग्रजी मोठी लिपी, ती झाली की लहान लिपी. परवा तिने पेन्सिल टाकून दिली आणि 'माझा हात दुखतो' असे आईला सांगितले. आई म्हणाली, 'पहिलीत बाई ओरडतील, मग?' या एका उत्तरात संपूर्ण प्रश्न सामावलेला आहे. मुलीला अक्षर यावे म्हणून ती बसलेली नाही. पहिलीत अक्षर शिकवले जाणार नाही, या भीतीने तिला बसवले आहे.

मुलीची तक्रार खोटी नव्हती. चौथ्या वर्षी मनगटाची हाडे पूर्ण तयार झालेली नसतात, बोटांचे बारीक स्नायू हुकमत मानत नाहीत आणि डोळा व हात यांचा मेळ अजून बसायचा असतो. देवनागरी अक्षर तर विशेष अवघड. त्यात गाठ आहे, वळण आहे, काना आहे आणि वर शिरोरेघ आहे. आपल्या जुन्या शिक्षकांना हे ठाऊक होते. म्हणून वर्णमालेचा क्रम बाजूस ठेवून 'ग म भ न' असा आकारसाम्याचा क्रम त्यांनी लेखनासाठी स्वीकारला आणि कागदाआधी धूळपाटी दिली. धुळीत बोट फिरवताना हात दुखत नाही आणि चूक एका फुंकरीने पुसता येते.

याचा अर्थ सहा वर्षांपर्यंत मुलाला अक्षर दाखवूच नये, असा नव्हे. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत पहिले बालगृह काढले, तेव्हा तेथील चार-पाच वर्षांची मुले लिहू लागली होती. परंतु त्यापूर्वी त्यांच्या हातांनी पुष्कळ काम केलेले होते. त्यांनी वस्तू उचलल्या, ठोकळे बसवले, खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोटे फिरवली. हात तयार झाला आणि लेखन आपोआप आले. आपल्याकडे पोळ्याला मातीचे बैल करणारे, चिंचोके वेचणारे, रांगोळीचे ठिपके जोडणारे मूल हीच तयारी विनामूल्य करीत असते. तेव्हा अक्षर लवकर की उशिरा, एवढाच वाद नाही. हात, कान आणि बोली यांची पूर्वतयारी वगळून थेट वहीवर जाण्यास आपण शिक्षण म्हणावे काय, हा खरा वाद आहे.

मग सुशिक्षित पालक असे का वागतात? त्यांना अडाणी ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. यात्रेतील हगामा पाहावयास बसलेल्या गर्दीचे दृश्य आठवावे. पुढच्या रांगेतील चौघे उठून उभे राहतात, म्हणून मागच्यांना उठावे लागते. थोड्या वेळाने सारा समुदाय उभा असतो. कोणालाही पूर्वीपेक्षा अधिक दिसत नाही, पाय मात्र सर्वांचेच दुखतात. फ्रेड हर्श या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ साली लिहिलेल्या ग्रंथात या प्रकारच्या स्पर्धेचे मर्म सांगितले आहे. ज्या गोष्टीचे मोल दुसऱ्याच्या पुढे असण्यातच असते, ती सर्वांनी मिळवली की तिचे मोल उरत नाही; खर्च तेवढा उरतो. बालवर्गाची फी, शिकवणीची फी, वाहनाचे भाडे हा सारा खर्च एकेका कुटुंबाच्या दृष्टीने शहाणपणाचा आणि समाजाच्या दृष्टीने बव्हंशी वाया जाणारा आहे. जो पालक एकटा बसून राहील, त्याचे मूल मागे पडेल. म्हणून कोणीच बसत नाही.

हा रोग शासनाच्या ध्यानात आलेला नाही, असेही नाही. यशपाल समितीने १९९३ च्या आपल्या अहवालात बालवर्गांच्या प्रवेशासाठी होणाऱ्या चाचण्या व मुलाखती बंद कराव्यात, अशी शिफारस केली होती. राम जोशी समितीच्या विचारविनिमयानंतर महाराष्ट्राने १९९६ साली पूर्वप्राथमिक प्रवेशाच्या नियमनाचा कायदाही केला. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने शालेय प्रवेशासाठी मुलांची चाळणी लावण्यास मनाई केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ या वयोगटाला एकसंध पायाभूत टप्पा मानले आणि २०२२ च्या अभ्यासक्रम आराखड्याने तीन ते सहा वर्षांच्या मुलांना पाठ्यपुस्तके नकोत, असे सुचवले. कागदावर आपण कोणत्याही प्रगत देशाच्या मागे नाही. वहीवर मात्र 'अ'ची पाने भरतच आहेत.

हे केवळ आपल्याच देशात घडते असे नाही. व्हिएतनामी भाषा रोमन लिपीत लिहिली जाते. तिच्यात २९ अक्षरे आहेत आणि त्यांवर स्वरांचे चढउतार दाखविणारी चिन्हे द्यावी लागतात. तेथेही पहिलीच्या आधी मुलांना वळणदार अक्षर शिकविणाऱ्या शिकवण्यांचे पेव फुटले. २०१३ साली तेथील शिक्षण मंत्रालयाने पहिलीचा अभ्यास आधीच शिकविण्यास प्रतिबंध करणारा आदेश काढला. तरीही शिकवण्या थांबल्या नाहीत. कारण उघड आहे. वर्गातील बहुतेक मुले अक्षरे गिरवून आलेली असली की शिक्षकही पुढचे धडे घेऊ लागतो. आणि शिक्षक पुढे जातो म्हणून पालक आधी शिकवतात. हे चक्र आदेशाने तुटत नाही. ते पहिलीच्या वर्गातच तोडावे लागते.

या चक्रात सर्वांत अधिक कोण भरडले जाते, हे पाहण्यासाठी आपल्याला आपला जिल्हा सोडून जाण्याची गरज नाही. प्रवरानगरला १९५०-५१ च्या हंगामात सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि जिल्ह्याच्या उत्तर भागाचे रूप पालटले. त्या संपन्नतेचा ऊस तोडणारे हात मात्र पाथर्डी, शेवगाव, जामखेड या कोरडवाहू तालुक्यांतून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून येत राहिले. मुकादमाकडून उचल घेतलेले जोडपे दिवाळीच्या सुमारास गाव सोडते आणि मार्च-एप्रिलमध्ये परतते. शाळेच्या वयाची मुले आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहू शकतात. तीन-चार वर्षांचे मूल राहू शकत नाही. ते आईबरोबर कोपीवर जाते. त्याचे नाव गावच्या अंगणवाडीच्या पटावर असते आणि ते स्वतः कारखान्याच्या तळावर असते.

हे मूल सहाव्या वर्षी, जूनमध्ये, पहिलीत येऊन बसते. शेजारचे मूल तीन वर्षे बालवर्गात अक्षरे गिरवून आलेले असते. शिक्षकाने 'अक्षरे सर्वांना येतातच' असे गृहीत धरून पुढचा धडा घेतला, तर या मुलाला वर्गात काय चालले आहे हेच कळणार नाही. त्याच्या हाती वेळही थोडाच असतो. दिवाळीनंतर आईवडील पुन्हा निघतील आणि घरी कोणी सांभाळणारे नसेल, तर तेही निघेल. जून ते ऑक्टोबर या चार महिन्यांत त्याला अक्षर भेटले नाही, तर पुढे ते भेटण्याची शक्यता फार कमी. वर्षाअखेर त्याच्या नावापुढे 'कच्चा' असा शेरा पडतो. वस्तुतः ते मूल कच्चे नसते; जी स्पर्धा आहे हेच त्याच्या आईबापांना ठाऊक नव्हते, तिच्यात ते हरलेले असते. अकोल्याच्या डोंगराळ भागातील ठाकर किंवा महादेव कोळी मुलाची गोष्टही फारशी निराळी नाही. त्याला अक्षराबरोबरच पुस्तकाची बोलीही नवी असते.

इतकी घाई करून हाती काय लागते, तेही पाहिले पाहिजे. बालवर्गांत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण देशात वाढत असतानाच, 'असर'च्या २०२४ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात तिसरीच्या मुलांपैकी केवळ २७ टक्क्यांच्या आसपास मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. म्हणजे अक्षर गिरवणे आणि वाचता येणे यांत मोठे अंतर आहे, आणि ते अंतर पाने भरून तुटत नाही.

अर्थशास्त्राचा याबाबतचा निष्कर्ष पुरेसा स्पष्ट आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९६२ साली पेरी या शाळेत एक प्रयोग सुरू झाला. गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील १२३ मुलांपैकी ५८ जणांना खेळ, संभाषण आणि स्वतः आखलेले काम यांवर आधारलेले बालशिक्षण दिले गेले. शिक्षिका दर आठवड्याला मुलांच्या घरीही जात. बुद्धिमापन चाचणीतील या मुलांची आघाडी काही वर्षांत ओसरली. पण चाळिशीपर्यंत त्यांचा मागोवा घेतला तेव्हा त्यांची कमाई अधिक आणि गुन्ह्यांतील अटका कमी आढळल्या. नोबेल पारितोषिकाचे मानकरी जेम्स हेकमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या गुंतवणुकीचा समाजाला मिळणारा परतावा वर्षाला सात ते दहा टक्के काढला आहे. परतावा मिळाला तो अक्षरे लवकर घोटल्यामुळे नव्हे. चिकाटी, संयम आणि इतरांबरोबर काम करण्याची सवय लागल्यामुळे. बालवयातील खर्च ही उत्तम गुंतवणूक आहे, हे पालकांचे गृहीतक बरोबरच आहे. ती कशात करावी, एवढेच चुकले आहे.

आणि ती कशी करावी, हे महाराष्ट्राला बाहेरून शिकण्याचे कारण नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसताच त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द त्या अनुभवातून घडला. बी, पाने, माती, गाणी हीच साधने आणि मुलांची बोली हेच माध्यम होते. हा शब्द पुढे साऱ्या देशाने घेतला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, ती याच नावाने घरोघरी पोचली.

शब्द पोचला, त्यातील शिक्षण मात्र वाटेत सांडले. या योजनेच्या सहा सेवा आहेत आणि पूर्वप्राथमिक शिक्षण ही त्यांपैकी एक. सेविकेने आहार वाटावा, वजने करावीत, लसीकरणाला माणसे जमवावीत, नोंदी भराव्यात, सर्वेक्षणे करावीत, आणि उरलेल्या वेळात मुलांना शिकवावे, अशी ही व्यवस्था आहे. तिला मिळते त्याला वेतन म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. केंद्राने २०१८ साली आपल्या हिश्शाचा आधार वाढवून तो दरमहा ४५०० रुपये केला. राज्य त्यात आपली भर घालते. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेला राज्यातील सेविकांचा संप जानेवारी २०२४ पर्यंत चालला, तो उगाच नव्हे. शिकवणाऱ्याला प्रशिक्षण लागते, ही गोष्ट या शहराला एकोणिसाव्या शतकातच कळली होती. सिंथिया फरार यांनी येथे मुलींच्या शाळा चालवल्या आणि सावित्रीबाई फुले अध्यापनाचे धडे घेण्यासाठी येथेच आल्या होत्या. पावणेदोनशे वर्षांनंतर सर्वांत कोवळ्या वयाच्या विद्यार्थ्यांना शिकविणाऱ्या स्त्रीला आपण शिक्षिका म्हणावयास तयार नाही, ही खेदाची बाब आहे.

तेव्हा उपाय शोधायचा तो पालकांना उपदेश करण्यात नव्हे. पहिली गोष्ट, प्रत्येक शाळेने पहिलीचे पहिले काही महिने एकाही मुलाला एकही अक्षर येत नाही असे समजून चालावे आणि हे पालकांना जाहीरपणे सांगावे. पुढे बसलेला खाली बसला, तरच मागचा बसेल. दुसरी गोष्ट, अंगणवाडीत केवळ शिक्षणासाठी एक प्रशिक्षित व्यक्ती नियमित वेतनावर नेमावी. तिसरी, ऊसतोडणीच्या हंगामात प्रत्येक कारखान्याच्या तळावर अंगणवाडी चालावी आणि मुलाची नोंद गाव व तळ या दोन्ही ठिकाणी चालू राहावी. जो कारखाना उसाच्या प्रत्येक गाडीचे वजन चोख ठेवतो, त्याला तळावरच्या मुलांची यादी ठेवणे अवघड नाही.

यास पैसा लागेल, हे खरे. पण तो आजही खर्च होतच आहे. शहरातला पालक तो बालवर्गाच्या फीत घालतो आणि त्यातून त्याच्या मुलाच्या वाट्याला दुखरा हात येतो. तोच पैसा करांच्या रूपाने अंगणवाडीत गेला, तर तळावरच्या मुलालाही पहिलीच्या वर्गात त्याच रेषेवरून निघता येईल. शेजारची ती मुलगी पुढच्या दोन जूननंतर पहिलीत जाईल. 'बाई ओरडतील' असे तिच्या आईला त्या वेळी म्हणावे लागू नये, एवढी जबाबदारी तिच्या आईची नव्हे, आपल्या शाळांची आहे.