उसने विरजण

आमच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात ११४ जण आहेत. गेल्या वर्षी शिमग्याच्या आधी मी तापाने फणफणले होते, तेव्हा त्यांतल्या एकालाही ते कळले नाही. दोष त्यांचा नव्हे. मी कुणाला सांगितलेच नव्हते.

मी माण तालुक्यातून साताऱ्याला आले. कॉलेजचे तोंड पाहणारी आमच्या घरातली मी पहिलीच. निघताना आईने दोन गोष्टी दिल्या: बाजरीच्या भाकरींचे गाठोडे आणि "कुणापुढं हात पसरू नगंस" हा उपदेश. भाकरी दोन दिवसांत संपल्या. उपदेश मात्र शिमग्यापर्यंत पुरला. पेन विसरले तर तास संपेपर्यंत नुसती ऐकत बसे. बुडालेल्या तासाची वही मागणे म्हणजे कमीपणा! काहीजण मला शांत म्हणत, काहीजण शिष्ट.

गंमत अशी की, हीच आई गावात दिवसातून चारदा शेजारी जाते. विरजण संपले, काड्यापेटी सादळली, चाळण हवी. आणि विरजण घेऊन ती लगेच परतली असे कधी घडत नाही. अर्धा तास मोडतोच. पुढच्या आठवड्यात शेजारीण वाटी घेऊन आमच्या दारात. आईच्या लेखी हात पसरणे असते ते परक्यापुढे, शेजारणीपुढे नव्हे. पण परकी बाई शेजारीण होते केव्हा? मला वाटते, पहिल्यांदा काही मागितल्यावरच.

तापाच्या तिसऱ्या दिवशी उठवेना. शेवटी पलीकडच्या खाटेवरच्या मुलीला म्हटले, "अगं, जरा तांब्या भरून देतेस?" तिने दिला. मग जरा घुटमळून म्हणाली, "तुझी इतिहासाची वही देशील? कधीची मागीन म्हणत होते." ती महाडची. एका खोलीत इतके महिने काढून तिचे गाव मला त्या रात्री कळले!

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली याच साताऱ्यात बोर्डिंग काढले. निरनिराळ्या जातींची मुले तिथे एकत्र राहत, एका पंगतीला जेवत, कामे मिळून करीत. समतेसाठी आपण त्याचा गौरव करतो, तो योग्यच. मला त्यात आणखी एक दिसते. तिथे कुणाला एकट्याने भागवणे शक्यच नसणार. स्वावलंबन हा शब्द आम्ही नवखी मुले उगीचच 'कुणाची गरज नाही' या अर्थाने घेतो.

म्हणून प्राध्यापकवर्गाला एक विनंती. प्रथम वर्षाच्या स्वागताला गुलाबाचे फूल मिळते. ते घेऊन जो तो आपल्या वाटेने जातो. त्यापेक्षा दोघांत मिळून ग्रंथालयाचे एक पुस्तक द्यावे. भांडतील, पण बोलतील तरी.

परवा गावाहून निघताना आईने महाडच्या मैत्रिणीसाठी भुईमुगाच्या शेंगा दिल्या. म्हणाली, "एकटी खाऊ नगंस. आन् पिशवी तिच्याकडनं माघारी मागून घे."