मालकांचे विलीनीकरण

सीमाभागातील जनतेच्या विलीनीकरणासाठी लेखणी झिजविणाऱ्या आम्हांस आज निराळ्याच विलीनीकरणाविषयी लिहिणे भाग आहे. १४ नोव्हेंबर २०२४ रोजी रिलायन्स व डिस्ने यांचे भारतातील दूरचित्रवाणी व्यवसाय एक झाले. व्यवहार ७०,३५२ कोटी रुपयांचा. वाहिन्या शंभरांहून अधिक. 'स्टार प्रवाह' व 'कलर्स मराठी' या प्रतिस्पर्धी वाहिन्यांचे धनी त्या दिवशी एकत्र आले.

तिगावकर विचारतील, मुंबईच्या सौद्याशी आमचा काय संबंध? १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला. सौंसर-पांढुर्णा मध्यप्रदेशात राहिले. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, तरी कचेरीची भाषा हिंदीच आहे. मराठी घरात येते ती मोठ्या अंशी ध्वनिलहरींवरून. १९४८ साली सुरू झालेल्या नागपूर आकाशवाणीपासून ही वाट आहे. आमच्या मुलांना मराठीच्या बळावर लेखक, निवेदक वा संकलक होता येईल, तेही याच क्षेत्रात.

धनी दोन असले, की एकाकडे दर न पटल्यास कारागीर दुसऱ्याचे दार ठोठावतो. धनी एकच उरला, की तो देईल तोच दर. शिवाय दोन हिशेबखाती, दोन जाहिरातविभाग एक होताच निम्मी माणसे 'जादा' ठरतात. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने रेडिओ-मालकीची देशव्यापी मर्यादा उठली आणि क्लिअर चॅनेल ही कंपनी बाराशेंवर केंद्रांची धनी झाली. एकाच निवेदकाचा मुद्रित आवाज अनेक शहरांना पुरविला गेला. स्थानिक निवेदक घरी बसले. असे येथे घडल्यास आमच्या बोलीचा आवाज प्रथम बंद होईल.

स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०२४ मध्ये या व्यवहारास सशर्त संमती दिली. परंतु असा विचार मुख्यतः बाजार व ग्राहक यांचाच होतो. राबणाऱ्याच्या वेतनाचा नव्हे. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याने वृत्तपत्रांतील पत्रकारांस वेतनमंडळाचा आधार दिला. प्रसारणातील कर्मचारी त्या कक्षेबाहेरच राहिले.

आमची मागणी स्पष्ट आहे. अशा प्रत्येक व्यवहारास संमती देण्यापूर्वी नोकऱ्या व वेतन यांवरील परिणाम तपासला जावा; कंत्राटी व नैमित्तिक कर्मचाऱ्यांसही किमान दराची हमी मिळावी. सीमेवरील व महाराष्ट्रातील लोकप्रतिनिधींनी हा प्रश्न संसदेत मांडावा. भाषेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी त्या भाषेवर पोट असणाऱ्यांस वाऱ्यावर सोडणे शोभणारे नाही.