घाटाच्या दोन्ही बाजूंची कॉलेजे

भोरच्या एस.टी. स्टँडवर सकाळच्या गाडीने उतरणारी पोरे पाहिली की आम्हाला दोन कॉलेजे आठवतात. एक त्यांचे स्वतःचे, राजगड ज्ञानपीठाचे अनंतराव थोपटे महाविद्यालय. दुसरे वरंधा घाट उतरून गेल्यावर महाडला लागणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय. पहिले तालुक्याच्या राजकीय नेतृत्वाने उभे केले. दुसरे पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे, १९६१ साली सुरू झालेले. म्हणजे ज्या वर्षी वेल्ह्यातले पानशेत धरण फुटून पुणे बुडाले, त्याच वर्षीचे. दोन्ही कॉलेजे सरकारमान्य, दोन्ही लोकांच्या पैशावर चालतात. म्हणून दोन्हींना आम्ही लोकांची कॉलेजे म्हणतो, आणि लोकांच्या वतीने हिशेब मागण्याचा आमचा हक्क समजतो.

हिशेब जुना आहे. १८२१ साली पुण्याच्या विश्रामबागवाड्यात कंपनी सरकारने पेशव्यांच्या दक्षिणेच्या पैशातून संस्कृत पाठशाळा काढली. ती ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी होती. तिचेच पुढे डेक्कन कॉलेज झाले. १८८५ साली फर्ग्युसन निघाले. भोरपासून पुणे सुमारे ५० किलोमीटर. पण मावळातल्या महार-मांगांना, कातकऱ्यांना आणि नांगर धरणाऱ्या कुणब्यालासुद्धा हे ५० किलोमीटर चालून जायला शतकाहून जास्त काळ लागला. मध्ये रस्ता नव्हता असे नाही. भोर हे पंतसचिवांचे संस्थान होते, ते १९४८ साली विलीन झाले. राजा गेला, पण दाखल्यावरची जात वाचून भुवया वर करणारे कारकून कुठे गेले?

बाबासाहेबांनी ही नाडी बरोबर ओळखली होती. ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि जून १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. ते सकाळी भरत असे. का? तर दिवसा कचेरीत, गिरणीत राबणाऱ्या पोराला शिकता यावे म्हणून. कॉलेजाचे वेळापत्रक ठरवताना आधी विद्यार्थ्याच्या पोटाचा विचार करणारा दुसरा संस्थापक आम्हाला तरी माहीत नाही. १९५० साली निजामी राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यात, औरंगाबादला, त्यांनी मिलिंद उभे केले. आणि ज्या महाडात २० मार्च १९२७ रोजी पाण्याला हात लावला म्हणून आपल्या माणसांची डोकी फुटली, तिथे त्यांच्या नावाचे कॉलेज त्यांच्या संस्थेने त्यांच्या पश्चात काढले. तळ्याच्या गावात कॉलेज, हा योगायोग नव्हे.

पाण्याचाच विषय निघाला म्हणून सांगतो. भाटघर धरण भोर तालुक्यात, पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणच्या उसाला. पानशेत आणि वरसगाव वेल्ह्याच्या बाजूला, पाणी पुण्याच्या नळाला. जमीन डोंगरातल्या माणसाची बुडाली, साखर आणि शहर दुसरीकडे वाढले. पोरेही याच उताराने खाली जातात. बारावी झाली की सिंहगड रस्त्यावर कॉटबेसिसवर खोली, वॉचमनची रात्रपाळी आणि दिवसा लेक्चर. वेल्ह्यात विंझरला कॉलेज झाले, भोरला आहे, धांगवडीला इंजिनिअरिंगही आले. तरी ज्या वाडीत संध्याकाळी पाचनंतर एस.टी. येत नाही, तिथल्या मुलीला त्या कॉलेजाचा उपयोग किती? बाप म्हणतो, पुरे झाले शिक्षण. त्याला दोष देण्याआधी त्या वाडीपर्यंत एकदा पायी जाऊन यावे.

वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून बाबासाहेबांच्या नावाने स्वाधार योजना आहे. पुण्यात शिकणाऱ्याला वर्षाला ६० हजार रुपये. योजना चांगली. पण सुरुवातीला ती मोठ्या शहरांपुरतीच ठेवली गेली. म्हणजे डोंगरातल्या पोराने डोंगर सोडला तरच सरकार त्याच्या जेवणाचे बघणार! २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने वेल्ह्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय घेतला. नावाला आमचा विरोध नाही. ज्या मावळ्यांनी राजगड राखला त्यांच्या नातवंडांना तालुक्याच्या गावी राहून पदवी घेता यावी, एवढेच आमचे म्हणणे.

आणि थोडे आपल्या कार्यकर्त्यांनाही. १४ एप्रिलच्या मिरवणुकीचे डी.जे. ठरवायला जानेवारीपासून बैठका होतात. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला काढून द्यायला, आधारला बँकखाते जोडून द्यायला जूनमध्ये कॉलेजाच्या फाटकापाशी एक टेबल टाकून किती जण बसतात? पावसाळ्यात दरडी कोसळून वरंधा घाट बंद होतो, महाडची वाट अडते. तेव्हा भोर-वेल्ह्याच्या पोरांना जे काही मिळायचे ते घाटाच्या अलीकडेच मिळाले पाहिजे. येत्या जूनमध्ये भोरला आणि विंझरला ते टेबल कोण टाकतो, त्यांची नावे आम्हाला कळवा. ती याच पानावर छापू.