खोकला अंगावर काढू नका



माझ्या सासूबाईंचा जन्म चुलीपुढे गेला. तंबाखूला कधी शिवल्या नाहीत, तरी रोज पहाटे कफाचा खोकला असायचाच. "थंडीचा असेल," म्हणून मी सुंठीचा काढा देत राहिले. पुढे जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. सलग 2 वर्षं, दरवर्षी किमान 3 महिने कफाचा खोकला राहिला तर तो जुनाट ब्रॉन्कायटिस असू शकतो, हे तेव्हा कळलं. धुराने श्वासनलिका आतून सुजतात, कफ वाढतो, हवेची वाट अरुंद होते.

आपण पाणी गाळून पितो, पण धुराकडे लक्ष देत नाही. फोडणी देताना खिडकी उघडा, धूपही बेताने जाळा. खोकला रेंगाळला तर नळीत फुंकायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करायची का हे डॉक्टरांना विचारा. दुखणं अंगावर काढणं हे काही तप नाही.