स्ट्रेस फ्रीझ झालाय, बॉस!

शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप मिटला की आठवड्याचा स्ट्रेस खल्लास, असं वाटतं ना? मग रविवारी रात्रीही खांदे आखडलेलेच कसे? लोड गेला, स्ट्रेस राहिला! इंजिनिअर मंडळी हाच प्रकार मुद्दाम घडवून आणतात. त्याचं नाव स्ट्रेस फ्रीझिंग.

आधी बेसिक फंडा. लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा. समोर सीडीचं पारदर्शक कव्हर धरा आणि पोलराइज्ड गॉगलमधून बघा. गॉगल थोडा फिरवला की प्लॅस्टिकमध्ये रंगीत पट्टे दिसतील. साच्यात थंड होताना अडकलेला स्ट्रेस तो हाच. ताण दिलेल्या काचेत असे रंग दिसतात, हे स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टरने दोनशे वर्षांपूर्वीच दाखवलं होतं.

पण एरवी वजन काढलं की रंगही गायब. शिवाय जाड वस्तूच्या पोटात काय चाललंय, ते कळणार कसं? १९३६ मध्ये जर्मनीत ओपेल यांनी यावर उपाय दाखवला. पारदर्शक प्लॅस्टिकचं मॉडेल ओव्हनमध्ये ठेवायचं, त्यावर वजन द्यायचं, तापवायचं आणि वजन तसंच ठेवून सावकाश थंड करायचं. तापल्यावर रेणूंमधले कच्चे बंध सुटतात आणि सगळा भार पक्क्या जाळीवर येतो. थंड होताना कच्चे बंध पुन्हा जुळतात आणि तो ताणलेला आकार तसाच पकडून ठेवतात. आता वजन काढा, पावासारखे स्लाइस पाडा, पट्टे हलत नाहीत!

अमेरिकेतल्या प्रिन्स्टन युनिव्हर्सिटीच्या रॉबर्ट मार्क यांनी ही आयडिया थेट युरोपातल्या गॉथिक कॅथिड्रल्सना लावली. फ्रान्समधल्या आमिएँ कॅथिड्रलचं बांधकाम १२२० मध्ये सुरू झालं. त्याच्या बाहेरच्या आधारखांबांवर टोकदार दगडी सुळके आहेत. बघणाऱ्याला वाटावं, नुसती सजावट! मार्क यांनी कॅथिड्रलच्या उभ्या छेदाचं इपॉक्सी मॉडेल करून पट्टे वाचले, तेव्हा कळलं की हे सुळके काम करतायत. दगडी सांधे दाब मजेत सोसतात, पण ओढले गेले की उघडतात. सुळक्यांच्या वजनामुळे ती ओढच नाहीशी होते. म्हणजे योग्य जागी ठेवलेलं ओझं इमारतीला सावरतं. प्रॉब्लेम वजनाचा नसतो, जागेचा असतो.

आज यातलं बरंचसं काम कॉम्प्युटर करतो. पण मॉडेलचा एक धडा आपल्या कामाचा आहे. फ्रीझ झालेला स्ट्रेस घालवताही येतो. फक्त मॉडेल परत तापवायचं आणि यावेळी काहीही न लटकवता सावकाश थंड होऊ द्यायचं.

आपण काय करतो? गोव्याच्या बीचवर पाय पसरतो आणि दर दहा मिनिटांनी ऑफिसचे मेल चेक करतो. लोड लटकलेलाच, वर थंड होतोय! सोमवारी पट्टे जिथल्या तिथे. तेव्हा पुढच्या सुट्टीत आधी वजन उतरवा, राव. मग थंड व्हा.