सर, एक घोळ झालाय!

तुमच्या ऑफिसात 'फन फ्रायडे' असतो का? आमच्याकडे असायचा. दर शुक्रवारी चार वाजले की पिझ्झा, अंताक्षरी आणि टीमचं नाव छापलेले टी-शर्ट्स. वर्षातून एकदा लोणावळ्याला आउटिंग. सूत्रधार अर्थातच मी, नवाकोरा टीम लीड! फोटोत आठही जण असे हसायचे, की टूथपेस्टची जाहिरात वाटावी.

त्याच वर्षी आठातले तिघं सोडून गेले. कारण? तिघांचंही एकच, 'बेटर अपॉर्च्युनिटी'. मीही सोयीस्करपणे विश्वास ठेवला.

मग एका सोमवारी क्लायंटचा फोन आला. शुक्रवारी गेलेल्या रिपोर्टमध्ये दर मागच्या तिमाहीचे होते. शोधाशोध केल्यावर कळलं, की टीममधल्या सगळ्यात ज्युनिअर मुलीला हे बुधवारीच दिसलं होतं.

'मग बोलली का नाहीस?'

ती खाली बघत म्हणाली, 'सर, तुम्हीच म्हणाला होतात ना, प्रॉब्लेम घेऊन येऊ नका, सोल्यूशन घेऊन या. माझ्याकडे सोल्यूशन नव्हतं.'

काय बोलणार? हे वाक्य मी कुठूनसं उचललं होतं आणि मला ते जाम आवडायचं! शुक्रवारी तिच्याबरोबर भेंड्या लावणाऱ्या माझीच तिला बुधवारी भीती वाटली होती.

नंतर एमी एडमंडसन या हार्वर्डच्या प्राध्यापक बाईंचं काम वाचनात आलं. 1990च्या दशकात त्यांनी हॉस्पिटलमधल्या टीम्स अभ्यासल्या. चांगल्या टीमकडून औषधं देताना कमी चुका होत असतील, असा अंदाज होता. आकडे निघाले उलटेच. चांगल्या टीम्सच्या नावावर चुका जास्त! त्या जास्त चुकत होत्या असं नाही, तर चुका लपवत नव्हत्या. 1999च्या निबंधात बाईंनी 'टीम सायकॉलॉजिकल सेफ्टी'ची कल्पना मांडली. पुढे गूगलनं 2012मध्ये सुरू केलेल्या 'प्रोजेक्ट ॲरिस्टॉटल'मध्ये सुमारे 180 टीम्स तपासल्या, तेव्हाही हीच गोष्ट पहिल्या नंबरवर आली. टीममध्ये कोण आहे यापेक्षा ते एकमेकांशी कसे वागतात, हे महत्त्वाचं.

इकडे बॉसनं केबिनमध्ये विचारलं, 'चूक कोणाची?' मी म्हटलं, 'माझी.' त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये त्याची किंमत मोजली. पण ते खरंच होतं हो!

मग एकच बदल केला. सोमवारच्या मीटिंगची पहिली दहा मिनिटं चुकांसाठी, आणि सुरुवात माझ्यापासून. 'मागच्या आठवड्यात मी चुकीची डेडलाइन कबूल करून बसलो,' वगैरे. पहिले तीन सोमवार सगळे चहाच्या कपात बघत बसले. एकदा तर मीच एकावर खेकसलो आणि सगळं मुसळ केरात. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

शेवटी एका मंगळवारी तीच ज्युनिअर माझ्या डेस्कपाशी आली. 'सर, एक घोळ झालाय. सोल्यूशन नाहीये.' मी खुर्ची ओढून दिली. अर्ध्या तासात दोघांनी मिळून निस्तरलं. क्लायंटला पत्ताही लागला नाही.

पिझ्झा अजूनही मागवतो बरं का! पण टीम कशी चाललीये, हे मी आता शुक्रवारच्या फोटोंवरून ठरवत नाही. वाईट बातमी माझ्यापर्यंत किती लवकर येते, ते बघतो.

तुम्ही लीड असाल, तर येत्या सोमवारी आपली एक चूक सांगून बघा. आणि समोरून कुणी बोललंच, तर पहिलं वाक्य 'बरं झालं सांगितलंस' हेच असू द्या.